राहून गेलेला अर्धा तास

आमच्या नगर जिल्ह्यात यात्रेला जोडून हगामा भरतो. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि दिवस कलल्यावर मोठ्या इनामाची जोड लागते. मी मराठीचा अध्यापक. माझे कुस्तीज्ञान प्रेक्षकाचे. तीन वर्षांपूर्वी वर्गातला एक मल्ल परीक्षेच्या अर्जावर सही मागायला आला. हजेरी अपुरी होती. मी नियमावर बोट ठेवले. तो न बोलता निघून गेला, पुन्हा महाविद्यालयात दिसला नाही.

पुढे खाशाबा जाधवांविषयी वाचू लागलो, ते बहुधा त्याच अस्वस्थतेतून. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल. 1948 साली लंडन ऑलिंपिकमध्ये, मातीची सवय असताना गादीवर लढून, सहावा आला. 1952 च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. हा मजकूर मी दोनदा वाचला. माझ्याकडे तर केवळ सही मागितली होती.

हेलसिंकीत खाशाबांसमोर जपानचा शोहाची इशी उभा होता. इशी मूळचा जुदोपटू. युद्धोत्तर अमलाखाली जुदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. ती लढत लांबली, खाशाबा हरले. लगेचच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमानेच मिळायला हवी होती; पण ती मागायला एकही भारतीय अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तीही लढत हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्ण. आपल्याकडेही स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक ठरले आणि दुसऱ्यासाठी 1996 पर्यंत थांबावे लागले. खाशाबा 1955 मध्ये पोलीस खात्यात लागले, 1984 मध्ये अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मरणोत्तर.

नियम तिथेही होता, माझ्या टेबलावरही होता. तिथे तो मल्लाच्या बाजूचा होता आणि सांगायला कोणी नव्हते. इथे सांगणारा मी होतो, आणि अडचणीचा तेवढा भाग सांगितला. सवलतीसाठी प्राचार्यांकडे अर्ज करता येतो, हे मला ठाऊक होते.

यंदाच्या हगाम्यात तो भेटला. अंगाला माती, कानांची फुले झालेली. वाकून नमस्कार केला. अर्ज पुन्हा भरतोस का, मी सही करतो, असे म्हणालो.

"आता नको सर. कांदा लावलाय," तो म्हणाला, आणि हलगी वाजू लागली तसा आखाड्याकडे वळला.