बाजूचे दार

आपल्या कॉलेजात दोन वाटांनी मुले येतात. काही जण पी.यू.सी. करून, सी.ई.टी. देऊन पहिल्या वर्षाला दाखल होतात. काही जण पॉलिटेक्निकचा डिप्लोमा पुरा करून एकदम दुसऱ्या वर्षाच्या वर्गात येऊन बसतात. मी या दुसऱ्या वाटेने आलो. सरकारी कागदावर आमच्या प्रवेशाला ‘लॅटरल एन्ट्री’ असे भारदस्त नाव आहे. लॅटरल म्हणजे बाजूचा. पण वर्गातल्या गप्पांत हे बाजूचे दार केव्हा ‘मागचे दार’ होऊन जाते, ते बोलणाऱ्यालाही कळत नाही. त्या एका शब्दासाठी हा लेखनप्रपंच.

आधी साधा हिशेब मांडू. दहावीनंतर पी.यू.सी.ची दोन आणि बी.ई.ची चार, मिळून सहा वर्षे. डिप्लोमाची तीन आणि दुसऱ्या वर्षापासून बी.ई.ची तीन, मिळून तीही सहाच. म्हणजे कुणी कुणाच्या पुढे घुसलेले नाही. फरक इतकाच की, सोळाव्या वर्षी पी.यू.सी.चा विद्यार्थी इंटिग्रेशनची गणिते सोडवत असतो, तेव्हा आम्ही फिटिंग शॉपमध्ये लोखंडाच्या तुकड्यावर कानस चालवत असतो. तुकड्याला गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये आवळायचा. हाताला फोड येत, पण काटकोन म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा त्या फटीने जास्त शिकवले.

डिप्लोमानंतर डी.सी.ई.टी. द्यावी लागते. ती परीक्षा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण घेते. निकालात रँक लागतो, मग कॉलेजे आणि शाखा पसंतीच्या क्रमाने भरायच्या आणि जागा मिळण्याची वाट पाहायची. चांगल्या कॉलेजात आमच्या वाटणीला येणाऱ्या जागा थोड्या, इच्छुक मात्र उदंड. खानापूरहून बेळगावला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये उभ्याने सूत्रे पाठ करीत मी ते महिने काढले. वडील भातशेती करणारे. ते एकदाच म्हणाले, “तू अभ्यास कर. फीचं काय करायचं ते माझ्याकडं लागलं.” पहिल्या वर्षाची फी अखेर थोरल्या मामांनी भरली, म्हणून आज मी इथे आहे.

पॉलिटेक्निकमध्ये माझ्या बाकावर बसणारा मित्र घरी कन्नड बोलणारा. आमचे बोलणे अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये चाले. यंत्रशास्त्रातले बलांचे त्रिकोण मला त्याने समजावले, आणि डी.सी.ई.टी.त त्याचा रँक माझ्यापेक्षा वरचा होता. माझ्याआधी जागा त्याला मिळायची. पण त्याच्या घरी दोन धाकट्या बहिणी शिकत होत्या आणि वडिलांचे काम सुटले होते. त्याने पसंतीचा फॉर्म भरलाच नाही. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो कामाला लागला. मी निघालो तेव्हा एवढेच म्हणाला, “होगप्पा, हिंद नोडब्याड.” जा बाबा, मागे बघू नकोस.

इथे आल्यावर आम्हा डिप्लोमावाल्यांना गणिताचा एक जादा विषय होता. पहिल्या वर्षी इतरांचे जे झालेले असते, ते भरून काढण्यासाठी तो असतो. पहिल्या चाचणीपर्यंत माझी दमछाक झाली. उलट मशीन शॉपमध्ये लेथ सुरू झाला की पी.यू.सी.वाले दोन पावले मागे सरत. माझ्या तुकडीतल्या एकाने मला आंशिक विकलन शिकवले. मी त्याला चकमध्ये जॉब मध्यावर कसा बसवायचा ते दाखवले. सेमिस्टर संपेपर्यंत आमच्या दोघांत ‘मागचे दार’ हा शब्द उरला नव्हता.

दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण सर विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतो. १९९८ साली बेळगावात स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. पण तेही एक कॉलेज संपवून दुसऱ्या कॉलेजात गेलेले विद्यार्थीच होते, हे फारसे कुणी सांगत नाही. शिकवण्या करून त्यांनी १८८१ मध्ये बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. केले. इंजिनिअरिंगसाठी ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात गेले. १८८३ मध्ये एल.सी.ई.ला ते पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. कन्नड मुलखातून आलेल्या या विद्यार्थ्याने पुण्याचे ऋण पुण्यातच फेडले. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे बसले.

या चरित्रातली एक गोष्ट मला आता वेगळी दिसते. ते पुण्याला जाऊ शकले ते म्हैसूर सरकारने शिष्यवृत्ती दिली म्हणून. बुद्धी त्यांची होती, पण दार उघडले ते शिष्यवृत्तीने. माझ्यासाठी ते काम मामांनी केले. माझ्या मित्रासाठी ते कुणी केले नाही. आम्हा दोघांतले अंतर गुणांचे नव्हे, फीच्या पावतीचे आहे. प्रवेशाच्या यादीत ज्यांची नावे येतात त्यांची मोजदाद होते. ज्यांनी फॉर्मच भरला नाही, त्यांची होत नाही.

तिसऱ्या सेमिस्टरला वर्गात नवा चेहरा दिसला, तर तो कोणत्या दाराने आला हे विचारू नये. काय शिकून आला ते विचारावे. आपल्याला उपयोगी पडेल असे काहीतरी त्याच्याजवळ हमखास असते.

माझा मित्र यंदा पुन्हा डी.सी.ई.टी.ला बसतो आहे. धाकट्या बहिणींपैकी मोठी आता कमावती झाली आहे. पाळी संपवून तो रात्री अभ्यास करतो. माझी जादा गणिताची वही सध्या त्याच्याकडे आहे. पानांना फाउंड्रीची काळी वाळू लागली आहे, आणि माझी दोन उत्तरे त्याने दुरुस्तही केली आहेत.