लहानपण आणि थोरलेपण

'बालपण' हा शब्द आपण निबंधात लिहितो. बोलताना मात्र 'लहानपण' म्हणतो, आणि तोही बहुधा सप्तमीत: 'लहानपणी आम्ही नदीवर जात असू.' 'बाल' व 'लहान' या शब्दांना 'पण' हा प्रत्यय लागून ही भाववाचक नामे सिद्ध होतात. तरी दोहोंत भेद आहे. 'बाल' हा शब्द वय सांगतो. 'लहान' हा शब्द तुलना करतो. म्हणूनच 'लहानपण' याचा अर्थ नम्रता असाही होतो. तुकोबांनी देवाजवळ मागितलेले लहानपण ते हेच.

हा भेद मला पुरता कळला तो ताईमुळे. माझे लहानपण नेरळला गेले. १९०७ साली सुरू झालेली माथेरानची छोटी गाडी स्टेशनातून निघाली की मी तिला हात करीत असे. पावसाळ्यात घाटातील तिची फेरी बंद होई, तेव्हा ती पुन्हा कधी सुरू होणार म्हणून घरात भंडावून सोडी. या साऱ्या आठवणींत मी ताईच्या कडेवर आहे. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई कामावर जाई. मला सांभाळण्यासाठी ताईची शाळा चौथीनंतर सुटली.

मध्यंतरी मी तिला सहज विचारले, "ताई, तुझ्या लहानपणी या गाडीला किती डबे असायचे गं?"

ती म्हणाली, "मला कुठलं रे लहानपण? मी थोरली ना! डबे तू मोजायचास. तू रुळांवर जाऊ नयेस, एवढंच मी बघायची."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच मला उत्तर सुचले नाही.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीला शाळेचा हक्क देतो. तो वय पाहतो, भावंडांतील क्रम पाहत नाही. त्याच्या भाषेत दहा वर्षांची ताई 'बालक' ठरली असती. घरच्या भाषेत मात्र माझा जन्म झाला त्याच दिवशी ती 'मोठी' झाली होती.

आता 'माझे लहानपण' असे लिहिताना माझी लेखणी 'माझे' या शब्दापाशी अडते. आपणही या विषयावर निबंध लिहिण्यापूर्वी घरातील थोरल्या भावंडाशी एकदा बोलून पाहा. आपण विसरलेल्या गोष्टी त्यांच्या ध्यानात असतील. त्या ऐकून झाल्यावर त्यांची स्वतःचीही एखादी आठवण आवर्जून विचारा.