हिरवा मोठा ड्रॅगन

मुलांनो, आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. बाईंचीसुद्धा चूक होते का, असं विचारू नका. होते, आणि चांगली मोठी होते!

गेल्या वर्षी मी चौथीच्या वर्गाला निबंध दिला होता, 'माझा आवडता प्राणी'. कुणी गाय लिहिली, कुणी मांजर. एका मुलाने मात्र दोन पानं भरून ड्रॅगन लिहिला. मी लाल पेनाने दोन्ही पानांवर तिरपी रेघ मारली आणि खाली शेरा दिला, 'असा प्राणी नसतो. खरा प्राणी घे.' दुसऱ्या दिवशी त्याने पाच ओळींची गाय आणून दाखवली. चार पाय, दोन शिंगं, एक शेपूट. चूक एकही नव्हती. मी 'छान' लिहिलं.

मग आली मे महिन्याची सुट्टी. भाच्याच्या टेबलावर एक इंग्रजी पुस्तक दिसलं, 'द हॉबिट'. वरती ड्रॅगनचं चित्र! म्हटलं, बघू या तरी. शब्दकोश शेजारी घेऊन वाचायला बसले, आणि अडकले की हो!

हे पुस्तक १९३७ साली प्रसिद्ध झालं. लेखक जे. आर. आर. टॉल्किन हे इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी मिडल-अर्थ नावाचं एक अख्खं जग मनाने रचलं. त्या जगाला नकाशे आहेत, भाषा आहेत, सनावळ्या आहेत. आणि ड्रॅगनांचा इतिहाससुद्धा आहे! त्यातला जुना भाग 'द सिल्मरिलियन' या पुस्तकात येतो. ते टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली, त्यांच्या मुलाने संपादित करून छापलं.

तर ऐका. मिडल-अर्थमधला पहिला ड्रॅगन म्हणजे ग्लाउरुंग. दुष्ट मॉरगॉथने त्याला आपल्या किल्ल्यात वाढवलं. त्याला पंख नव्हते. पुरता वाढायच्या आधीच तो बाहेर पडला आणि घोड्यावरच्या धनुर्धाऱ्यांनी त्याला पळवून लावलं. जवळजवळ दोनशे वर्षांनी तो पुन्हा आला, तेव्हा मात्र कुणाला आवरेना. आगीपेक्षाही त्याची नजर वाईट. त्याच्या डोळ्यांत पाहणारा माणूस जागीच खिळून जाई आणि त्याच्या खोट्या बोलण्याला फसे. शेवटी तूरिन नावाच्या वीराने खालून त्याच्या मऊ पोटात तलवार खुपसली.

पंखांचे ड्रॅगन आले ते त्या युगाच्या शेवटच्या लढाईत. त्यांतला सर्वांत मोठा काळा आंकालागोन. तो मरून पडला तेव्हा त्याच्या भाराने पर्वताचे सुळके कोसळले!

'द हॉबिट'मधला स्माउग पुष्कळ नंतरचा. तिसऱ्या युगाच्या २७७० साली त्याने बुटक्यांचं पर्वतातलं राज्य बळकावलं आणि १७१ वर्षं तो त्यांच्या सोन्यावर लोळत पडला. आता यातली गंमत बघा. ड्रॅगनला सोन्याची किंमत कळते, पण त्यातली साधी अंगठीसुद्धा त्याला वापरता येत नाही. स्वतः काही घडवता येत नाही. अंगावरचा सैल झालेला खवलासुद्धा त्याला नीट बसवता येत नाही! झोपून झोपून स्माउगच्या पोटाला रत्नं चिकटली, त्यांचं चिलखत झालं. पण डाव्या छातीजवळ एक जागा उघडी राहिली. त्याला त्याचा पत्ताच नाही.

ती जागा बिल्बो नावाच्या छोट्या हॉबिटने पाहिली. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीचे लोक. ड्रॅगनशी बोलताना खरं नाव सांगायचं नाही आणि सरळ नकारही द्यायचा नाही. म्हणून बिल्बो कोड्यांत बोलला. पण बढाईच्या भरात 'मी पिंपावर बसून आलो' असं सुचवून गेला. स्माउगने ताडलं, ही तळ्यावरच्या गावकऱ्यांची मदत! त्याने ते गाव जाळलं. पण एका कस्तुर पक्ष्याने बार्ड नावाच्या धनुर्धाऱ्याला ती उघडी जागा सांगितली, आणि काळ्या बाणाने स्माउग पडला.

वाचून झालं आणि वाटलं, अरे, हे 'काहीतरी खोटं' नव्हे. याला नियम आहेत, कारणं आहेत. हे रचायला किती विचार करावा लागला असेल!

मग टॉल्किन यांच्याविषयी वाचलं. सातेक वर्षांचे असताना त्यांनी ड्रॅगनची एक गोष्ट लिहिली होती. आई म्हणाली, इंग्रजीत 'हिरवा मोठा ड्रॅगन' म्हणत नाहीत, 'मोठा हिरवा ड्रॅगन' म्हणतात. असं का, हा प्रश्न त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. ते बारा वर्षांचे असताना आई वारली. पण १९५५ साली, उतारवयात लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी ही आठवण सांगितली आहे. शिवाय म्हटलं आहे की, त्यानंतर बरीच वर्षं आपण पुन्हा गोष्ट लिहिल्याचं आठवत नाही; मन भाषेतच रमलं.

माझ्या छातीत धस्स झालं. त्या माउलीने फक्त शब्द मागेपुढे केले होते. ड्रॅगन नसतो, असं ती म्हणाली नव्हती. मी तर दोन पानं खोडली होती!

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा आता पाचवीत. मी त्याला बोलावून म्हटलं, "अरे, तुझ्या निबंधावर मी रेघ मारली, ते चुकलं माझं."

तो आधी चपलेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, मी ते परत लिहू?"

"लिही. पण तो खातो काय, राहतो कुठे, त्याला जमत काय नाही, तेही लिही."

त्याने थोडा विचार केला. "बाई, त्याला उडता येतं, पण उतरता येत नाही."

"मग रे?"

"ते उद्या सांगतो."

पालकहो, तुमच्या घरच्या वहीत असा एखादा ड्रॅगन निघाला, तर शुद्धलेखन जरूर सुधारा. पण त्याआधी तो काय खातो ते विचारा. आणि मुलांनो, तुमच्या वहीवर कुणी रेघ मारली असेल, तर पान फाडू नका. आपण काही स्माउग नाही. आपला खवला आपल्याला पुन्हा बसवता येतो. मी माझा बसवते आहे.