गो मॉल

डिंगल गाव मागं पडलं आणि रस्ता अंग चोरून चालू लागला. डाव्या हाताला दगडाचा गडगा, गडग्यापलीकडे उतार आणि उताराखाली थेट अटलांटिक. गाडी आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे समुद्राकडची बाजू माझ्या वाट्याला आलेली.

"आई, पाय कशाला दाबतेस? ब्रेक माझ्याकडे आहे," मुक्ता म्हणाली.

ती कॉर्कला नोकरीला आहे. मी आल्याचं निमित्त करून तिनं ऑगस्टमधला एक दिवस काढला होता. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यात, स्ली हेडचा हा फेरा आहे. अंतर ५० किलोमीटरही भरत नाही, पण दिवस पुरत नाही. रस्ता अरुंद म्हणून मोठ्या बसगाड्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनंच जातात. आम्हीही तशाच निघालो.

पुढं डांबरावर मोठी अक्षरं रंगवलेली दिसली. मी वाचलं, 'गो मॉल'.

"इथं कुठला गं मॉल?"

मुक्ताला हसू आवरेना. "अगं, ते आयरिश आहे. 'सावकाश' म्हणजे!"

हा आयरिशभाषकांचा मुलूख. गावांच्या पाट्यासुद्धा त्याच भाषेत. कुंपणांवर फ्यूशियाची लाल-जांभळी झुंबरं लोंबत होती. झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. इथल्या ओल्या हवेत ते असं माजलं, की लोकांनी त्याला आपल्या भाषेत नाव दिलं. त्या नावाचा अर्थ 'देवाची आसवं'. परक्याला इतकं घरचं नाव मिळालं, की मग ते परकं राहत नाही.

एका वळणावर समोरून एक जुनी गाडी आली. दोघांना जागा नव्हती. मुक्तानं निमूटपणे गाडी मागं घेतली आणि गडग्याला चिकटवली. म्हातारेबुवा पुढं सरकले, स्टिअरिंगवरचं एक बोट जरासं उचललं आणि गेले. मुक्तानंही बोट उचललं.

"ओळखीचे?"

"छे! इथं असंच करतात."

स्ली हेड ओलांडलं आणि ग्रेट ब्लॅस्केट बेट समोर आलं. किनाऱ्याच्या टोकापासून जेमतेम दोन किलोमीटर. उन्हात ते इतकं जवळ वाटत होतं, की हाक मारावी. पण मधला प्रवाह वाईट. लोक लाकडी सांगाड्यावर डांबर फासलेलं कापड ताणून केलेल्या हलक्या होड्यांतून ये-जा करत. वादळ उठलं की तेही बंद. १९४७च्या जानेवारीत बेटावरचा एक तरणा मुलगा आजारी पडला, वादळामुळे डॉक्टर पोचू शकला नाही आणि तो गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वादळात अडकलेल्या बेटकऱ्यांनी अन्न पाठवा म्हणून तार केली. एके काळी दीडशेच्या वर माणसं होती तिथं. १९५३च्या नोव्हेंबरात सरकारनं बेट रिकामं केलं, तेव्हा २२ उरली होती.

एवढ्याशा बेटानं पुस्तकं मात्र केवढी दिली! तोमास ओ क्रिहन या मच्छीमाराचं आत्मचरित्र १९२९चं. पेग सेयर्सला आयरिश लिहिता येत नव्हतं, तिनं मुलाला आपलं आयुष्य सांगितलं आणि त्यानं ते उतरवलं. माझ्या आजीला सही येत नसे, पण तिच्याकडे ओव्या होत्या. उतरवून घ्यायला मात्र आम्ही कुणी बसलो नाही.

डनक्विनचा धक्का कड्याच्या खाली आहे. खाली उतरणारी वाट साप वळवळावा तशी. वरच्या कठड्याशी आम्ही थर्मासमधला चहा घेत उभ्या होतो. बेटावरची छप्पर उडालेली घरं दिसत होती. बेटावरून आलेल्यांना इथंच, समोर, घरं दिली होती. सकाळी दार उघडलं की समोर आपलंच गाव, चुलीचा धूर नसलेलं.

त्याआधी कितीतरी मुलं अमेरिकेला गेली होती. जाण्याच्या आदल्या रात्री, मयताच्या घरी जागतात तसं गाव जागायचं, असं मुक्तानं सांगितलं. नाच, गाणी, रडणं, सगळं. कारण जाणारा पुन्हा दिसेल असं कुणी धरून चालत नसे. त्यांतल्या कुणाची आई पोरीच्या गाडीत बसून तिकडचा समुद्र बघायला गेली नसणार. मी बसले होते. 'परत कधी येणार?' हा फोनवरचा माझा नेहमीचा प्रश्न होताच तोंडाशी. मी चहाचा घोट घेतला.

उतरत्या उन्हात गॅलरसचं दगडी प्रार्थनाघर पाहिलं. उलटी टाकलेली होडीच जणू. चुना नाही, माती नाही. प्रत्येक दगड खालच्यापेक्षा किंचित आत सरकवलेला आणि बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पाणी बाहेरच ओघळावं. वाकून आत गेले. बाहेर भुरभुर सुरू झाली होती. आतल्या दगडावर हात ठेवला, तो कोरडा लागला.

परतताना एक ट्रॅक्टर समोर आला. चालवणाऱ्यानं बोट उचललं. मुक्ताचे दोन्ही हात वळणात गुंतले होते.

मीच बोट उचललं.