येडशीवरून गेलेली गाडी

माझं माहेर लातूर आणि सासर उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव. लग्न ठरलं तेव्हा वडील समाधानानं म्हणाले होते, "जिल्ह्याच्या गावी देतोय पोरीला." लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. कलेक्टर, जिल्हा कोर्ट, जिल्हा परिषद, सगळं उस्मानाबादला. पण सासरी आल्यावर पाहिलं, की लग्नाचा बस्ता असो की दुकानात भरायचा किराणा, माणसं लातूर, बार्शी नाहीतर सोलापूर गाठायची. सही उस्मानाबादची आणि पैसा लातूरचा. असं का, हा प्रश्न तेव्हा मनात शिरला तो आजवर गेलेला नाही, आणि उत्तर शोधायला गेले की दर वेळी मी रुळांपाशी येऊन पोचते.

मुंबईहून मद्रासला जाणारी मोठी लाईन बार्शीसारख्या कापसाच्या भरल्या पेठेला बाजूला टाकून कुर्डुवाडीवरून गेली. बार्शीला जोडण्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी लाईन आखली. कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही आणि तो सगळ्या आसांवर सारखा वाटायचा, हे त्याचं सूत्र. त्यामुळे रूळ हलके, पूल हलके आणि खर्च बेताचा. 1897 साली ही 'बार्शी लाईट' सुरू झाली. 1906 ला ती पंढरपूरला गेली, 1911 ला लातूरला, आणि 1927 ला मिरजेला.

लातूरला येताना तिनं सरहद्द ओलांडली. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, लातूर निजामाच्या. इकडे कलदार, तिकडे हाली सिक्का. त्या दोन नाण्यांच्या मुलखांना जोडत गाडी येडशी, तडवळ्यावरून लातूरला आली. उस्मानाबाद मात्र बाजूलाच राहिलं. लातूरची गंजगोलाई 1917 ची, गाडी आल्यानंतर सहाच वर्षांनी बांधलेली. मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती दुमजली गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. स्टेशनात माल चढवायची सोय झालेली असताना गावाला असा बाजार उभारावासा वाटला, याचं मला नवल वाटत नाही.

माझे वडील आडतीच्या दुकानात मुनीम होते. तूर, करडई, जवस, ज्वारी यांच्या थप्प्यांमधूनच आम्ही वाढलो. त्यांच्या डेस्कवर एका कागदाला फार मान असे. तो म्हणजे आरआर, रेल्वेची पावती. माल मालधक्क्यावर नेऊन वाघिणीत भरला, की स्टेशनातला बाबू ती पावती फाडून देई. वडील ती हुंडीला जोडून बँकेत नेत. मुंबईच्या दाणाबंदरातला व्यापारी तिकडच्या बँकेत पैसे भरी, तेव्हा ती पावती त्याच्या हाती पडे, आणि ती दाखवल्याशिवाय त्याला माल सुटत नसे. म्हणजे तूर अजून कुर्डुवाडीत पडलेली असायची आणि इकडे बँकेनं त्या कागदावर उचल दिलेली असायची. त्याच पैशातून शेतकऱ्याची पट्टी चुकती व्हायची आणि दुसऱ्या दिवशीच्या सौद्याला आडत्याचे हात मोकळे. ज्यांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही असे दोन व्यापारी त्या कागदाच्या भरवशावर वर्षानुवर्षं व्यवहार करत. रेल्वेनं काय दिलं असं कुणी विचारलं तर इंजिनाच्याही आधी मला ती पावती आठवते.

याच लाईनचं दुखणं होतं कुर्डुवाडीत. मुंबईकडे जाणाऱ्या मालाला तिथं छोटी लाईन सोडून मोठी लाईन धरावी लागायची. एकीचा डबा दुसरीवर चालत नाही, त्यामुळे पोतं न् पोतं उतरवून पुन्हा भरायचं. आषाढीला आजीबरोबर पंढरपूरला जाताना गाडी तिथं थांबली की मी खिडकीतून बघत बसायची. हमाल डोक्यावर फडकं टाकून पाठ वाकवायचा, दोघे पोत्याला आकडा लावून ते त्याच्या पाठीवर टाकायचे, आणि तो अरुंद फळीवरून पलीकडच्या वाघिणीत जायचा. आकड्यानं तागाला भोक पडायचं. पोत्यामागे पोतं गेलं की फळीखाली करडईचा बारीक सडा पडलेला असे. तो सुपात गोळा करायला बायका बसलेल्या असत. त्यांचीही घरं त्या सांडलेल्या दाण्यांवर चालत होती. लातूरच्या व्यापाऱ्याला मात्र ती दुहेरी हमाली, ती तूट आणि वाघीण मिळेपर्यंतचा खोळंबा, सगळं भावात धरावं लागे. शेवटी ते शेतकऱ्याच्या पट्टीतूनच जाई.

म्हणून ट्रक आले तेव्हा छोट्या लाईनचं काही चाललं नाही. ट्रक दुकानाच्या दारातून थेट मुंबईच्या गोदामात. आरआरच्या जागी बिल्टी आली. तरी 1972 च्या दुष्काळात लाल मिलोची पोती लातूरच्या मालधक्क्यावर उतरताना मी पाहिली आहेत. ज्या धक्क्यावरून आमची ज्वारी बाहेर जायची, तिथंच बाहेरचं धान्य आमच्यासाठी येत होतं.

1982 साली लातूर वेगळा जिल्हा झाला. एकट्या रेल्वेनं लातूर मोठं केलं असं मी म्हणणार नाही. नेते होते, कारखाने होते, पुढं शिकवण्या आल्या. पण हे सगळं ज्या पेठेच्या जिवावर उभं राहिलं, ती पेठ रुळांनी बसवली होती. आम्हाला मात्र गाडीनं जायचं तर येडशी गाठावी लागे. लाईन रुंद करताना ती उस्मानाबादवरून वळवली आणि आमच्या गावात गाडी आली, तेव्हा एकविसावं शतक उजाडलं होतं. सासूबाई नव्वदीच्या घरात. नातवाचा हात धरून स्टेशन बघायला गेल्या आणि फलाटावर उभ्या राहून म्हणाल्या, "हे आधी झालं असतं तर पोरं पुण्याला गेली नसती गं." माझे दोन्ही दीर पुण्यात.

2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. भावाकडे फोन केला की बोलणं पिंपांवरच यायचं: कोणतं भरलंय, कोणतं तळाला गेलंय. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन गाडी निघाली. पहिली दहा टाकी-वाघिणींची, साधारण पाच लाख लिटरची. पुढं पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. वळणं काही ठिकाणी बदलली, पण वाट त्या बार्शी लाईटचीच. रूळ तेव्हाही ते हलके, अडीच फुटीच असते, तर एवढ्या पाण्याचं वजन त्यांनी कसं पेललं असतं? ती गाडी आमच्या स्टेशनातूनही जायची. आमच्याकडेही टँकरच चालू होते. आपल्या दारावरून पाणी पुढं जाताना बघून इथल्या बायकांच्या पोटात तुटायचं, आणि मी माहेरची म्हणून माझ्याकडे बघायच्या. मला दोन्हीकडचं कळत होतं.

आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव लाईनचं काम निघालं आहे. आणि बीड! जिल्ह्याचं ठिकाण असून बीडनं रेल्वेसाठी काढलेली वर्षं उस्मानाबादपेक्षाही जास्त. अहिल्यानगरहून बीडला पहिली गाडी आली ती 2025 च्या सप्टेंबरात. दर दिवाळीच्या सुमाराला त्या जिल्ह्यातले ऊसतोड मजूर बिऱ्हाड ट्रकमध्ये टाकून कारखान्यांकडे निघतात, हे मी आयुष्यभर पाहत आले आहे. त्यांच्या गावातला माल बाहेर जायला धड वाट नव्हती, म्हणून माणसंच बाहेर जात राहिली, असं मला वाटतं. बीडच्या नव्या स्टेशनाच्या बातम्यांत प्रवाशांचे, हारतुऱ्यांचे फोटो खूप दिसले. मी त्यात मालधक्का शोधत होते. तिथं शेड हवी, तोलकाटा हवा, रस्त्याला लागून ट्रक उभे राहतील एवढी जागा हवी, आणि शेतकऱ्यांच्या गटाला आपल्या नावानं एखादी अख्खी रेक मागता यायला हवी. तसं झालं तर बीडचं सोयाबीन आणि कापूस दुसऱ्या जिल्ह्याच्या पेठेत न जाता बीडमध्येच विकला जाईल.