करडी चौकट

२००७ च्या उन्हाळ्यात आमच्या मराठी विभागाने एक संगणक निर्लेखित केला आणि रीतसर पावती फाडून तो आम्ही घरी आणला. पेन्टियम थ्री, १२८ एमबी रॅम. त्यावर विंडोज एक्सपी सुरू होईपर्यंत एक उत्तरपत्रिका सहज तपासून होई. एका विद्यार्थ्याने सुचविल्यावरून आम्ही त्यात पप्पी लिनक्सची सीडी घातली. ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली तेव्हा सारी मिळून १०० एमबीच्या आतबाहेर होती. हार्ड डिस्कवर ती आपला सारा संसार एकाच फाइलीत बांधून ठेवी आणि ध्वनी-कार्ड नीट जुळले की दोनदा भुंकून तसे कळवी. हे भुंकणे आम्ही गांभीर्याने घेतले, हे कबूल करायला हरकत नाही. मराठी मात्र तिला येत नव्हते. देवनागरीच्या जागी रिकामे चौकोन उमटत. फॉन्ट आणून घातला, तेव्हा अक्षरे आली, पण जोडाक्षरे फुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या पलीकडे जाऊन उभी. मुद्रितशोधकाला वेड लागावे असा तो मजकूर आम्ही काही दिवस सवयीने वाचत राहिलो.

हा खटाटोप हौसेचा नव्हता. ज्यांनी आम्हांला ज्ञानेश्वरी शिकविली ते आमचे सर २००४ मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी एका संस्थेने त्यांच्या घरी येऊन ओवीवरचे त्यांचे व्याख्यान कॅमेऱ्यावर टिपले होते. ते तीन भागांत संस्थेच्या संकेतस्थळावर चढविलेले आहे, असे आम्हांला फार उशिरा कळले. सरांच्या पत्नी, आम्हां सर्वांच्या काकू, आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. त्यांनी ते कधीच पाहिलेले नव्हते. ‘या संगणकावर दाखवतो’ असे आम्ही त्यांना सांगून बसलो होतो.

पान उघडले. सरांचे नाव, विषय, आणि खाली एक करडी चौकट. चौकटीत कोड्याचा एक तुकडा, म्हणजे योग्य ते प्लगइन नाही.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. ब्राउझरला त्या वेळी चित्रफीत वाजविता येत नसे. पानात एखादी फाइल जडविलेली दिसली, की तो तिचा प्रकार पाही, आपल्याकडील प्रत्येक प्लगइनाला ‘ही भाषा तुला येते का’ असे विचारी, आणि जो होकार देई त्याच्या हाती पानातील तेवढी चौकट सोपवी. दुभाष्याच ना हा! आमच्या प्रकरणात दुभाष्यालाही दुभाष्या लागत होता. फीत विंडोज मीडियाची. तिच्यासाठी एमप्लेअर हा लिनक्सवरील प्लेअर, आणि त्याला ब्राउझरच्या चौकटीत आणून बसविणारे एमप्लेअरप्लगइन. शिवाय आमचा एमप्लेअर जुना असल्याने त्याला ती फीत उलगडण्यासाठी विंडोजच्याच डीएलएल फाइली एका फोल्डरात आणून द्याव्या लागल्या. ज्या घरातून निघून आलो त्याच घरची भांडी मागून आणण्यातला हा प्रकार.

प्लगइन आम्ही मोझिलाच्या फोल्डरात ठेवले. ब्राउझरने त्याची दखल घेतली नाही, कारण पप्पीतला ब्राउझर सीमंकी होता आणि त्याचे प्लगइनांचे फोल्डर वेगळे होते. तेथे दुवा करून दिला. तरी यादीत नाव नाही. मग एलडीडी ही आज्ञा देऊन पाहिले, तर प्लगइनाला लागणाऱ्या एका लायब्ररीपुढे ‘सापडत नाही’ असे लिहिलेले. ती सापडवून आणण्यात दोन रात्री गेल्या, त्यांचे वर्णन करीत नाही. पुढे नाव यादीत आले, आणि चौकट करडीची काळी झाली. एवढीच प्रगती.

तेव्हा आम्हांला जे पहिल्याच दिवशी सुचायला हवे होते ते सुचले. दोष फितीत आहे की दुभाष्यात, हे आधी ठरवावे. पानाचा मूळ मजकूर उघडून फितीचा पत्ता काढला आणि ब्राउझरला वगळून एमप्लेअरलाच तो दिला, वाजविण्याऐवजी प्रवाह जसाच्या तसा फाइलीत उतरवून घेण्याची आज्ञा देऊन. सर्व्हर ती फीत वाजण्याच्याच गतीने सोडीत होता. व्याख्यानाचा पहिला भाग ४० मिनिटांचा, म्हणून उतरायलाही ४० मिनिटे लागली. फाइल उत्तम वाजली. म्हणजे फितीत दोष नव्हता.

दोष असा निघाला की पप्पीत आधीपासून असलेले दुसरे एक प्लगइनही त्याच प्रकारावर हक्क सांगत होते, आणि ब्राउझर त्याचेच ऐकत होता. ते हलविले, ब्राउझरने बनविलेली प्लगइनांची जुनी नोंद पुसली. आता आवाज आला, चित्र नाही. पप्पीचा एक्सव्हेसा हा साधा चित्र-सर्व्हर एमप्लेअरला हवी असलेली वेगवान वाट देतच नव्हता. मांडणीच्या फाइलीत चित्रासाठी साधी, संथ वाट लिहून दिली, आणि पत्त्याएवढ्या चौकटीत सर बोलू लागले. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. त्या चौथ्या चरणापाशी ते नेहमी थांबत, तसे येथेही थांबले. क्षणभर वाटले की कनेक्शन तुटले.

दुसऱ्या दिवशी काकूंना आणले. पहिला भाग त्यांनी शांतपणे पाहिला. ‘सदरा इस्त्रीचा नाही’ एवढेच म्हणाल्या. दुसऱ्या भागाच्या आरंभी सर बोलत असताना कपबशीचा आवाज झाला, आणि कॅमेऱ्याच्या बाहेरून एक बाईचा आवाज आला, ‘साखर कमी घातलीय हं.’ सरांनी मान न वळविता हात पुढे केला. काकू एकदम पुढे झुकल्या. ‘अरे, ही मी,’ त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘परत लाव.’ मागे नेण्याची सोय त्या प्रवाहाला नव्हती. आम्ही पान पुन्हा उघडले, प्रवाह भरण्याची वाट पाहिली, आणि तेवढाच तुकडा त्यांनी तीनदा ऐकला.

दुसरा आणि तिसरा भाग उतरवून घेणे आम्हांला सहज शक्य होते. आज्ञा तीच, फक्त पत्ता बदलायचा. पण चौकट आता चालू झाली होती. पान आहे, प्लगइन आहे, हवे तेव्हा पाहू. आणि ४० मिनिटे फोनची लाइन कोण अडवून ठेवणार, अशीही एक कंजूष शंका होती, जी ब्रॉडबँडच्या बाबतीत खरी नव्हती हे आम्हांला माहीत होते.

काकू २०११ मध्ये गेल्या. संस्थेने संकेतस्थळ नवे केले, त्यात ती पाने आली नाहीत. पत्र पाठविले, उत्तर आले की जुना सर्व्हर बंद झाला व मूळ टेप सापडत नाहीत. प्लगइनांचे युगही सरले. क्रोमने ही जुनी पद्धत २०१५ मध्ये काढून टाकली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅशपुरता अपवाद ठेवला, आणि २०२० अखेर फ्लॅशही संपले. आज ब्राउझर चित्रफीत स्वतःच वाजवितो. त्यात चांगलेच झाले. त्या दोन रात्रींबद्दल आम्हांला काही हळहळ नाही.

दोष शोधण्यासाठी म्हणून उतरविलेली ती एक फाइल मात्र आमच्याकडे आहे. कोणत्याही संगणकावर, कोणतीही खटपट न करता वाजते. परवा एम.ए.च्या वर्गात लावली. ती ‘आता चहा घेऊ, मग पुढे’ या सरांच्या वाक्यावर संपते.