जुन्या गाडीचा नवा दम

जुन्या मोटारी जपणे हा श्रीमंतांचा शौक, असे आपण सहज म्हणून जातो. पण वाचकहो, त्या गाड्या चालत्या ठेवतो कोण? बंगल्यातील मालक नव्हे. कुठल्या तरी वस्तीतील गॅरेजमध्ये हात काळे करणारा मिस्त्रीच त्या चालत्या ठेवतो. तेव्हा जुन्या इंजिनाची विद्या ही शौकाची नसून पोटाची विद्या आहे. तिच्यावरून आमच्या घरात बाप-लेकांमध्ये वर्षभर जे घडले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, ते सातवीपर्यंत शिकलेले. नागपुरात तीस वर्षे त्यांनी दुसऱ्याची टॅक्सी चालवली आणि मग स्वतःसाठी १९८४ सालची जुनी अँबॅसिडर घेतली. त्यांचा मुलगा आय.टी.आय.मधून मोटर मेकॅनिक झाला. भाड्याच्या गाळ्यात त्याचे गॅरेज आहे. कॉम्प्रेसर घेण्यासाठी त्याने तीस हजार रुपये साठवले होते. एक दिवस तो आम्हाला म्हणाला, "काका, कॉम्प्रेसर कोणाकडेही असतो. बाबांच्या गाडीला दोन कार्बोरेटर बसवून दाखवले, तर जुन्या गाड्यावाले माझ्याकडे येतील."

दादा भडकले. "चांगल्या गाडीचं वाटोळं करून राहिला हा! एका तोंडानं खाते तेच परवडत नाही, अन् म्हणे दोन तोंडं लावतो!" दोघांचे बोलणे बंद झाले. वहिनी दोघांना वेगवेगळ्या वेळी ताट वाढू लागल्या. तीस हजारांचा प्रश्न तर होताच, पण मुलाच्या शिक्षणावर बापाचा विश्वास आहे की नाही, हा त्याहून मोठा प्रश्न होता.

आम्ही पडलो कारकून. इंजिनापेक्षा जमाखर्च अधिक कळतो. तरी निवाडा आमच्याकडे आला, म्हणून आम्ही पुतण्याकडून सर्व समजून घेतले.

कार्बोरेटरचे काम हवेत पेट्रोल योग्य प्रमाणात मिसळण्याचे. दादांच्या गाडीवर एस.यू. जातीचा कार्बोरेटर आहे. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. इंग्लंडातील हे स्किनर कुटुंब पादत्राणांच्या धंद्यातले, आणि त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरांत आजच्या पिस्टनच्या जागी चक्क चामड्याचा भाता होता! चामड्याच्या कामाला हलके समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९१० मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. पुढे भात्याच्या जागी पिस्टन आला. इंजिन हवा ओढते तसा हा पिस्टन वर उचलला जातो. त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते आणि पेट्रोलची वाट मोठी होते. जेवढी हवा, तेवढे पेट्रोल. आपली भूक इंजिन स्वतःच सांगते.

आता मॅनिफोल्ड. कार्बोरेटरपासून हेडपर्यंत मिश्रण नेणारी फाट्यांची नळी, ती इनटेक मॅनिफोल्ड. अँबॅसिडरच्या १४८९ सी.सी. इंजिनाला सिलिंडर चार, पण मिश्रण आत जाण्याच्या वाटा दोनच. पहिला व दुसरा सिलिंडर एका वाटेवर, तिसरा व चौथा दुसऱ्या वाटेवर. एकच कार्बोरेटर मध्यभागी असला की मिश्रणाला दोन्ही बाजूंना वळावे लागते. वळणावर पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला सारखे येत नाही. दोन वाटांना दोन कार्बोरेटर दिले, तर वळण कमी होते आणि दम मोकळा होतो.

पुतण्याचा पुरावा पक्का होता. याच जातीचे १४८९ सी.सी. इंजिन १९५५ साली इंग्लंडच्या एम.जी.ए. या गाडीत आले. तिला दोन एस.यू. कार्बोरेटर होते आणि सुरुवातीलाच ६८ अश्वशक्ती मिळत होती. अँबॅसिडरची पन्नासच्या आसपास. परंतु हा फरक केवळ कार्बोरेटरचा नव्हता, एम.जी.ए.च्या इंजिनातला दाबही अधिक होता. हेही पुतण्यानेच प्रामाणिकपणे सांगितले, म्हणून त्याच्या बाजूने बोलावेसे वाटले.

आम्ही निवाडा दिला तो असा: नवीन काही बसवण्याआधी जुने नीट करावे आणि सर्व वहीत लिहावे. नाही तर सुधारणा दुरुस्तीमुळे झाली की नव्या सामानामुळे, हे कळणार कसे?

दोघांनी मान्य केले. पुतण्याने चालू इंजिनावर मॅनिफोल्डच्या सांध्याला तेलाचे थेंब सोडले, तर ते आत ओढले गेले. पॅकिंग फाटले होते. थ्रॉटलच्या दांड्याची भोके झिजली होती. त्यांतूनही चोरटी हवा आत शिरत होती. लेथवाल्याकडून बुश मारून घेतले, सुई व जेट बदलले, पॅकिंग नवे घातले. टाकी भरून मोजले. लिटरला ८ किलोमीटर देणारी गाडी १० देऊ लागली. दादा हसले. "पाहा, मी सांगत नव्हतो?" पण पुतण्याही हसला, कारण खोट त्याच्या विद्येनेच सापडली होती.

मग दुसरा टप्पा. मुंबईच्या जुन्या सामानवाल्याकडून दीड-दीड इंची तोंडाचे दोन कार्बोरेटर आणि त्यांचे मॅनिफोल्ड मिळाले. एक गोष्ट आमच्या कायमची लक्षात राहिली. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असतात आणि काही नट दोघांनाही एकदमच दाबतात. दोन्हींच्या कडांची जाडी सारखी नसेल, तर एक घट्ट बसतो आणि दुसरा गळतो. पुतण्याने एक पूर्ण दिवस कडा सारख्या करण्यात घालवला.

बसवणे जमले, जुळवणे जमेना. दोन्ही कार्बोरेटरांनी सारखी हवा ओढली पाहिजे. रबरी नळीचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी व दुसरे कानाशी धरून सुसकारा ऐकायचा, मग दुसऱ्याचा ऐकायचा, आणि दोन्ही सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. पुतण्या सकाळपासून ऐकत होता. संध्याकाळी दादा उठले, काही न बोलता नळी हातात घेतली आणि डोळे मिटले. "मागचा जास्त ओढून राहिला. थोडा कमी कर. आणखी थोडा. बस!" पुतण्याने नंतर प्लग काढून पाहिले. चारही फिकट तपकिरी. काळा असता तर पेट्रोल जास्त, पांढरा असता तर कमी. तीस वर्षे स्टिअरिंगवर बसून कमावलेला कान आणि आय.टी.आय.ची विद्या त्या दिवशी एकाच इंजिनावर भेटली. रात्री दोघे एकत्र जेवले.

फळ काय, तेही खरे सांगतो. शहरात फरक जवळजवळ शून्य. अमरावती रोडवर ट्रक मागे टाकताना पिकअप चांगला जाणवतो. अ‍ॅव्हरेज १० वरून ९ वर आले. जे केवळ पेट्रोल वाचवू पाहतात, त्यांनी दुरुस्तीवरच थांबावे. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याने जुने रबर व पॅकिंग लवकर खराब होते आणि मिश्रण पातळ पडते. पुतण्याने इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घातल्या आणि मिश्रण जरासे गडद ठेवले. पी.यू.सी.च्या यंत्रावर तपासूनच काम पुरे केले.

अँबॅसिडरचे उत्पादन उत्तरपाड्यात २०१४ साली थांबले. या इंजिनांचे जुने जाणकार आता म्हातारे होत आहेत. त्यांच्या कानातली विद्या कोठेही छापलेली नाही. पुतण्याने वहीत एक नवे पान काढले आहे. दादा सांगतात आणि तो लिहितो: कोणता आवाज कशाचा, उन्हाळ्यात पेट्रोल पंपावर ओले फडके केव्हा ठेवावे, चोक किती ओढावा. कॉम्प्रेसर अजून आलेला नाही, पण त्या वहीच्या जोरावर जुन्या गाड्यांची दोन कामे आली आहेत.

वाचकहो, आपल्या घरीही कोणी फिटर, कोणी लेथवाला, कोणी ड्रायव्हर निवृत्त होऊन बसला असेल. त्याच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या.